दोन थर्मास आणि सुधाकरची छाती

पासपोर्ट काढून सहा वर्षं झाली होती आणि त्यावर एकही शिक्का नव्हता. पहिला शिक्का बसला तो माझ्या धाकट्या भावाच्या छातीमुळे.

सुधाकर रास अल खैमाला एका टाइल्सच्या कारखान्यात भट्टीवर फोरमन आहे. वय अठ्ठावन्न. दुबईहून उत्तरेला तासाभराच्या रस्त्यावर हे गाव. आपल्याकडच्या फोटोंतल्या उंच इमारती इथे फारशा नाहीत. सिमेंट, टाइल्स, समुद्र आणि मागे बोडके डोंगर. तीन आठवडे हा मनुष्य खोकत होता आणि कोणाला पत्ता लागू देत नव्हता. शेवटी कारखान्यातच चक्कर येऊन पडला. न्यूमोनिया, दोन्ही बाजूंना.

त्याची मुलगी ईरा अबुधाबीत अल रीम आयलंडवर राहते, नोकरी करते. तिचा फोन आला. "आत्या, बाबा इज इन हॉस्पिटल. ऑक्सिजन लावलाय. कॅन यू कम?"

वहिनी, म्हणजे ईराची आई, तेव्हा चिपळूणला माहेरी होती. तिच्या आईचं खुब्याचं हाड मोडलेलं, तिला सोडून वहिनीला निघता येत नव्हतं. म्हणून मी निघाले.

मी कोण, तर नवऱ्याबरोबर तीस वर्षं चिपळुणात औषधांचं दुकान चालवलेली, फार्मसीचा डिप्लोमा काचेच्या फ्रेमीत लावून त्याखाली बसलेली, आता दुकान विकून मोकळी झालेली चौसष्ट वर्षांची बाई. हे आधीच सांगून ठेवते. पुढे मी जे केलं ते अडाणीपणानं केलं असा गैरसमज व्हायला नको.

मुंबई विमानतळ

निघताना वहिनीनं दोन गोष्टी हातात दिल्या होत्या. एक डबा डिंकाच्या लाडवांचा आणि एक पुडी काढ्याची. "वन्सं, एवढं न्याच. तिकडच्या सुया काय कामाच्या? अडुळसा आहे, सुंठ आहे, ज्येष्ठमध मी मुद्दाम जास्त घातलाय. कडू लागलं तर ते घ्यायचे नाहीत."

विमानतळाच्या दारात ईराचा फोन. "आत्या, बॅगेत काय काय आहे?"

"कपडे. औषधं. लाडू."

"कशाचे?"

"डिंकाचे गं. खोबरं, खारीक, खसखस..."

"खसखस? आत्या, नो! इथे बॅन आहे ती. यू विल गो टू जेल!"

एकवीस लाडू होते. दोन मी तिथेच उभ्याउभ्या खाल्ले. उरलेल्या एकोणीस लाडवांसाठी माणसं शोधायला लागले. फुकट लाडू वाटणाऱ्या बाईकडे मुंबईत कोणत्या नजरेनं बघतात ते मला त्या दिवशी कळलं. शेवटी मुलाला पोचवायला आलेलं कोल्हापूरचं एक कुटुंब भेटलं. त्यांना म्हटलं, "खरं सांगते, खसखस चालत नाही तिकडे." आजोबांनी एक उचलला, चावला, आणि डबा स्वतःच्या मांडीवर ठेवला.

काढ्याच्या पुडीबद्दल मी ईराला काही विचारलं नाही. विचारलं असतं तर ती नाही म्हणाली असती.

रास अल खैमा, पहिले तीन दिवस

रजा काढून आलेल्या ईरानं विमानतळावरून थेट हॉस्पिटलात नेलं. रस्त्यात एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला डोंगर. आपल्या डोळ्यांना डोंगर म्हणजे हिरवा असतो, निदान उन्हाळ्यात पिवळा तरी. हे डोंगर अंगावर चिंधीही नसल्यासारखे उभे होते. मी तसं म्हटलं तर ईरा म्हणाली, "दे आर ब्यूटिफुल, आत्या. थोडे दिवस बघ." तिचं खरं निघालं, पण ते नंतर.

सुधाकर पलंगावर लहान दिसत होता. भट्टीपुढे राहून तापलेल्या तांब्यासारखा झालेला त्याचा रंग उतरून राखेसारखा झाला होता. नाकात नळी. तीन शब्द बोलायचा आणि श्वास घ्यायचा.

"ताई, कशाला आलीस... उगाच... मी ठीक आहे."

"दिसतंय ना," मी म्हटलं आणि खिडकीकडे वळले, कारण माझा चेहरा त्याला दिसायला नको होता.

त्याच्या डॉक्टरीण बाई सीरियाच्या, डॉक्टर हना. चाळिशीच्या, उंच, झपझप बोलणाऱ्या. शिरेतून अँटिबायोटिक, स्टेरॉइड, वाफारा, सगळं त्यांनी मला नीट समजावलं. पहिल्या दोन रात्री त्याला व्हेंटिलेटरवर ठेवायची वेळ अगदी दाराशी येऊन गेली होती. अजून धोका टळलेला नव्हता. मग बोट वर करून त्या म्हणाल्या, "घरचं काही द्यायचं नाही. नो हर्बल, नो टी, नथिंग."

मी शहाण्या मुलीसारखी मान हलवली.

तीन दिवस मी खुर्चीत बसून होते. मांडीवर हात. दुकानात उभं राहून आयुष्य गेलेल्या बाईला हे हात कुठे ठेवावेत ते कळत नाही. वहिनी दिवसातून चारदा फोन करायची: "दिलात का?" चौथ्या दिवशी सकाळी सुधाकरच्या फ्लॅटवर मी पातेलं चढवलं. म्हटलं, चार घोट. चार घोटांनी काय होतंय?

हॉस्पिटलच्या खोलीच्या दाराशी केरळची सिस्टर होती. तिनं स्टीलच्या थर्मासकडे बघून विचारलं, "आंटी, ये क्या है?"

"गरम पानी," मी म्हटलं. तीस वर्षांत गिऱ्हाइकाशी खोटं बोलले नव्हते. इथे एका वाक्यात जमलं.

लियांग

त्याच दुपारी लियांग भेटला. सुधाकरच्या कारखान्यातला चिनी माणूस, रंग आणि चकाकी बघणारा. पंचावन्नचा, गोल चेहरा, डोक्यावर जेमतेम पंचवीस केस. पंधरा वर्षं भट्टीवरच्या बिहारी आणि मराठी लोकांत काढल्यामुळे इंग्रजी येत नसलं तरी हिंदी फर्डं.

व्हिजिटरच्या सोफ्यावर तो माझ्या शेजारी बसला. त्याच्या पिशवीतही एक थर्मास होता. आम्ही एकमेकांच्या थर्मासकडे पाहिलं. मग एकमेकांकडे.

"दीदी, गरम पानी?" त्यानं विचारलं.

"गरम पानी," मी म्हटलं.

"मेरा भी गरम पानी," तो म्हणाला, आणि असा हसला की आमची मैत्री तिथेच पक्की झाली.

त्याची सासू चीनमध्ये व्हिडिओ कॉलवर वनस्पती सांगायची आणि हा दुबईच्या चिनी बाजारातून आणून उकळायचा. "मेरा दवाई फर्स्ट क्लास. छाती का सब कचरा खलास." मी म्हटलं, आमच्या वहिनीचा काढा काय कमी आहे? मग आम्ही दोघांनी, वयाला न शोभेल असं, पाळ्या लावून घेतल्या. सकाळी त्याचा, संध्याकाळी माझा. सिस्टर औषधांची गाडी घेऊन शेजारच्या खोलीत गेली की एकानं दाराशी उभं राहायचं. ईरा यायच्या आत थर्मास पिशवीत. ती आली की लियांग इतक्या निरागसपणे छताकडे बघायचा की एकदा ईरानंच विचारलं, "अंकल, यू ओके?"

सुधाकर बिचारा दोन्ही प्यायचा. बहीण रुसू नये आणि दोस्त रुसू नये.

लियांग दुपारी डब्यातून आणखी एक गोष्ट आणायचा, ती मात्र हॉस्पिटलच्या परवानगीनं. पहिल्यांदा झाकण उघडलं तेव्हा मी ओरडलेच, "अरे, ही तर पेज!" तशीच मऊ, पांढरी, तांदळाचा वास असलेली. फक्त आपण लोणच्याची फोड ठेवतो तिथे ते खारवलेलं अंडं ठेवतात. सुधाकरनं आजारपणात पहिल्यांदा वाटी पुरी संपवली. लियांगला मी सांगितलं की आमच्या कोकणात हेच खाऊन माणसं नांगराला जायची. तो म्हणाला, "हमारा गाँव में भी."

एका दुपारी लियांग खाली गेला असताना सुधाकर म्हणाला, "ताई, कोणाला सांगू नको... खोकला लपवला तो... व्हिसासाठी. साठीला आलेल्या माणसाचं... फुप्फुस गेलं म्हटल्यावर... ठेवतील का? ईराचं लग्न आहे. आणि घरी बसून... मी करू काय?"

मी म्हटलं, "आधी नीट श्वास घे. मग भांड."

सातवा दिवस

आदल्या दिवशी संध्याकाळी ताप उतरला होता. ऑक्सिजन कमी केला होता. लियांगनं आणि मी, दोघांनीही मनातल्या मनात श्रेय घेऊन टाकलं होतं. पण सातव्या दिवशी सकाळी मी गेले तर खोलीत गर्दी. सुधाकरच्या पायात गोळे येत होते, हात उचलवत नव्हता, आणि डोक्याशी असलेल्या पडद्यावर हृदयाचे ठोके मधेच अडखळत होते. डॉक्टर हना रक्ताच्या रिपोर्टकडे बघत होत्या. पोटॅशियम फार उतरलं होतं.

"त्यांच्या बीपीच्या गोळीनं थोडं उतरतं, वाफाऱ्यानं थोडं, स्टेरॉइडनं थोडं," त्या म्हणाल्या. "पण इतकं? काही वेगळं दिलंय का तुम्ही?"

"नाही," ईरा म्हणाली. ती खरं बोलत होती.

मी थर्मासची पिशवी पाठीमागे धरली.

त्यांनी शिरेतून पोटॅशियम सुरू केलं आणि आम्हाला बाहेर काढलं. सोफ्यावर लियांग बसला होता. त्याचाही चेहरा उतरला होता. मला धीर द्यावा म्हणून त्यानं आपल्या थर्मासमधून झाकणभर काढा ओतून पुढे केला. त्याला ओल्या गोणपाटासारखा वास होता म्हणून इतके दिवस मी तो तोंडात घेतला नव्हता. त्या दिवशी घोट घेतला. आधी कडू, मग तुरट, आणि मग जिभेच्या मागच्या बाजूला एक गोडवा, जो गिळल्यावरही जाईना.

ज्येष्ठमधाच्या काड्या मी तीस वर्षं विकल्या. घसा बसलेल्या कीर्तनकारांना, परीक्षेच्या पोरांना, सगळ्यांना. आणि प्रत्येक बीपीवाल्या गिऱ्हाइकाला बजावलंही होतं: रोज घेऊ नका, पोटॅशियम उतरतं, बीपीसाठी पाण्याची, म्हणजे लघवी वाढवणारी, गोळी चालू असेल तर अजिबात नको.

"लियांग, इसमें मीठा क्या है?"

त्यानं फोनवर फोटो दाखवला. पिवळ्या, दोऱ्यादोऱ्यांच्या चकत्या, ज्येष्ठमधाच्याच. "गानत्साओ, दीदी. हमारा सब दवाई में डालता."

सकाळी त्याचा, संध्याकाळी माझा. वहिनीनं मुद्दाम जास्त घातलेला. आपल्या भावाला आपणच हातानं पाजलं, आणि तेसुद्धा सगळं माहीत असताना.

मी दोन्ही थर्मास उचलले आणि डॉक्टर हनांच्या खोलीत जाऊन त्यांच्या टेबलावर ठेवले.

"यात ज्येष्ठमध आहे," मी म्हटलं. "दोन्हींत. तीन दिवस दिलंय, सकाळ-संध्याकाळ. आज सकाळचं अजून दिलेलं नाही."

त्यांनी एक थर्मास जवळ ओढला. मग झाकण उघडून वास घेतला. "तुम्ही काय काम करायचात म्हणालात?"

"फार्मासिस्ट होते."

"फार्मासिस्ट," त्या म्हणाल्या. एवढंच. याच्यापेक्षा त्यांनी चार माणसांत शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं.

त्यांनी लगेच फोन करून बीपीची ती गोळी बदलायला सांगितली, रक्त पुन्हा पाठवायला सांगितलं. मी तशीच उभी. फोन ठेवल्यावर त्या म्हणाल्या, "तुम्ही सांगितलं नसतंत तर मी आणखी दोन दिवस मूत्रपिंडात दोष शोधत बसले असते. आता निदान काय भरून काढायचं ते कळलं. बसा." आणि मग, दाराकडे एकदा बघून, "माझी आईही असंच करते. वडील आजारी असताना उशीच्या अभ्र्यात बाटली लपवायची. तुमच्यापेक्षा तिला जास्त चांगलं जमायचं."

मला हसू आलं आणि रडूही. दोन्ही एकदम आलं की फार वाईट दिसतं, पण त्यांनी कागदी रुमालाचा डबा पुढे सरकवला आणि पुढचा पेशंट बघायला गेल्या.

ईरा मात्र दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी सुधाकरचे ठोके सरळ पडायला लागले. ती कॉफीचे दोन कप घेऊन आली, एक माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाली, "इट्स जस्ट कॉफी, आत्या. आय चेक्ड."

अल मनखूल

आणखी आठवड्यानं सुधाकर घरी आला. लियांगला चैन नव्हतं. सासूच्या औषधानं मित्र मरायला टेकला हे त्याच्या मनाला लागलं होतं. त्यानं हट्ट धरला की रीतसर परवाना असलेल्या चिनी डॉक्टरकडे जायचं. मी डॉक्टर हनांना फोन करून विचारलं. आता सगळं विचारून करायची मला सवय लागली होती. त्या म्हणाल्या, "जा. पण माझे सगळे कागद त्यांना दाखवा, आणि त्यांनी दिलेला प्रत्येक कागद मला."

तर दुबईत बर दुबईच्या बाजूला अल मनखूल. तिथे खाली उतरल्यावर मला एकदम दादरला आल्यासारखं वाटलं. कढीपत्ता विकणारा मल्याळी, दारात रांगोळीचा स्टिकर, जिन्यात फोडणीचा वास. त्याच इमारतीच्या रांगेत दुसऱ्या मजल्यावर डॉक्टर मेई यांचा दवाखाना. त्या सत्तरीच्या, माझ्या खांद्याएवढ्या, चष्मा दोरीला बांधलेला. भिंतीवर परवाना. फ्रेम आमच्या दुकानातल्यासारखीच.

लियांगनं सासूची यादी दाखवली. त्यानंतर दहा मिनिटं त्या चिनीत बोलत होत्या आणि लियांग मान खाली घालून ऐकत होता. मी विचारलं, "क्या बोलती हैं?"

"दीदी," तो म्हणाला, "वो बोलता, मैं गधा."

"दस मिनिट?"

"बीच में तुमको भी बोला."

मग त्यांनी सुधाकरची नाडी पाहिली, दोन्ही मनगटांची. जीभ पाहिली. आणि हॉस्पिटलचे कागद इतके बारकाईनं वाचले की मला माझ्या नवऱ्याची आठवण आली. तो प्रिस्क्रिप्शन असंच वाचायचा, बोट ठेवून. शेवटी मोडक्या इंग्रजीत म्हणाल्या, "न्यूमोनिया मारला तो हॉस्पिटलच्या औषधांनी. ती आधी पुरी संपवा. रक्त पुन्हा तपासा. मग माझ्याकडे या. आज मी काही देणार नाही."

सुधाकरचा चेहरा पडला. शंभर किलोमीटर येऊन औषध नाही म्हणजे काय? तेव्हा त्यांनी त्याला उभं केलं आणि श्वास शिकवला. हात हळूहळू वर, पोटात हवा, हात खाली, ओठांतून फुंकर. पहिल्या खेपेला तो चार वेळा करून बसला.

दोन आठवड्यांनी, रक्त ठीक आल्यावर, त्यांनी सौम्य चूर्ण दिलं. ज्येष्ठमध नाही असं वर ठळक लिहून, आतल्या एकेका वनस्पतीची यादी डॉक्टर हनांच्या नावानं. हनांनी यादी वाचून सही केली. दोन डॉक्टरणींनी एकमेकींचं तोंड कधी पाहिलं नाही, पण माझ्या भावाच्या फाइलमध्ये त्यांचा पत्रव्यवहार आहे.

त्या चूर्णानं काय झालं? खरं सांगायचं तर मला माहीत नाही. भूक लागायला लागली, रात्रीचा कोरडा खोकला गेला. पण पेजही चालू होती, दिवसही जात होते, आणि समुद्रावरची हवा होती. कोणी छातीठोकपणे सांगू लागलं तर मी आता थर्मास आधी तपासते.

समुद्रकाठी

शेवटच्या आठवड्यात रोज सकाळी आम्ही समुद्राच्या कडेच्या फुटपाथवर जायचो. सुधाकर, लियांग आणि मी, तिघंही ओळीत उभं राहून हात वरखाली. लियांग अगदी मन लावून, सुधाकर चोरून आजूबाजूला बघत, आणि मी साडीचा पदर खोचून. एक अरबी आजोबा रोज थांबून बघायचे. चौथ्या दिवशी तेही आमच्या ओळीत आले. समोर डोंगर होते. सकाळी सहाला ते गुलाबी होतात आणि अर्ध्या तासात पुन्हा मातीचे. ईराला मी सांगितलं की तुझं खरं होतं.

डॉक्टर हनांनी नवा एक्स-रे उजेडावर धरला. आधीच्या पांढऱ्या डागांच्या जागी आता काळं, म्हणजे हवा. पण त्यांनी भट्टीजवळची धूळ बंद म्हणून लिहून दिलं. सुधाकर दोन दिवस घुम्यासारखा बसला. तिसऱ्या दिवशी लियांग आला आणि म्हणाला, "मैनेजर को बोला मैं. सैंपल रूम में आदमी चाहिए. टाइल देखना, गलती पकड़ना. सुधाकर को गलती पकड़ना बहुत आता." कागद झाला, व्हिसा टिकला. एका चिनी माणसानं भट्टीवरच्या हिंदीत माझ्या भावाची नोकरी वाचवली.

परतीच्या दिवशी विमानतळावर सोडायला सुधाकर आला. गाडी ईरा चालवत होती. तो पुढच्या सीटवर. गाडी निघाली आणि त्यानं तोंड उघडलं. नव्या टाइल्सना पडणाऱ्या केसासारख्या भेगा, मॅनेजरचं अज्ञान, आमच्या आबांनी त्याला कधी सायकल दिली नाही, मला मात्र दिली, चिपळूणचा नवा पूल कसा चुकीचा बांधलाय. मधे मी काही म्हणणार होते. सायकल त्यालाही दिली होती, त्यानंच ती वाशिष्ठी नदीत घातली. पण थांबले. वाक्य तुटत नव्हतं. एक संपलं की दुसरं, मधे तीन शब्दांवर श्वास घेणं नाही, छातीत घरघर नाही.

विमानतळाच्या दारात बॅग काढताना तो म्हणाला, "आज एवढी गप्प का? बरं नाही वाटत?"

"काही नाही," मी म्हटलं. "तू पुलाचं सांगत होतास ना? सांग पुढे."

आणि तो दारात उभा राहून, मागच्या गाड्या हॉर्न वाजवत असताना, पूर्ण सांगून मोकळा झाला.